इकोची मागची सीट काढून ८ महिने वापरली, त्याचा अनुभव

माझी मारुतीची इको व्हॅन ५ सीटर आहे, पुण्यात राहतो आणि माणगावकडे गावी थोडी जमीन आहे. गेल्या जूनमध्ये लागवडीच्या आधी मागची सीट काढली. बोल्ट जाम झाले होते, आदल्या रात्री त्यावर तेल सोडून ठेवलं तेव्हा सकाळी सुटले, आणि सीट एकट्याला उचलवत नाही, दोघं लागतात.

जागा मात्र खूप होते. इकोचं इंजिन पुढच्या सीटखाली असल्यामुळे मागे सगळा जवळपास सपाट पत्रा मिळतो आणि सरकत्या दारातून बाजूनेच माल आत घेता येतो. आंब्याची कलमं आडवी टाकून चालत नाही, पिशवीतला मातीचा गोळा फुटला की कलम गेलंच समजा. पूर्वी डिकीत जेमतेम १५ उभी राहायची, आता ४० नेली आणि एकही मेलं नाही, याचा मला फार आनंद आहे. निंबोळी पेंडीची पोती, ठिबकच्या लॅटरलची (बारीक नळ्यांची) बंडलं सगळं आरामात. गाडी मागच्या चाकांवर चालते म्हणून वजन मागे असलं की शेताकडच्या चिखलाच्या चढावर पकड उलट चांगली मिळते. ॲव्हरेजमध्ये काही फरक नाही.

आता त्रास. रिकामी गाडी डब्यासारखी वाजते, ताम्हिणी घाटात बोलणं ऐकू येत नव्हतं. पिशव्यांचं पाणी मॅटखाली मुरलं आणि ऑगस्टमध्ये मॅट उचललं तर बोल्टच्या भोकाशी गंज, म्हणून आता सीट काढली की बोल्ट परत त्याच भोकात पिळून ठेवतो आणि वर ताडपत्री. आणि माल बांधाच, अगदी प्रत्येक वेळी, कारण मध्ये सीटची पाठ नसते, घाटात एकदा जोरात ब्रेक लावला तर पेंडीचं पोतं थेट माझ्या पाठीमागे येऊन आदळलं, तेव्हापासून दोन पट्टे लावल्याशिवाय निघत नाही.

कायद्याचं मी उशिरा वाचलं हे चुकलंच. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या नोंदीपेक्षा गाडी वेगळी करता येत नाही, सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितलं, आणि माझ्या आरसीवर ५ सीट आहेत. कायमची काढायची असेल तर आधी आरटीओत विचारा आणि इन्शुरन्सवाल्यांनाही कळवा. रोजच माल न्यायचा असेल तर इको कार्गो येतेच की, पण ती मालवाहू म्हणून रजिस्टर होते, मला आईबाबांनाही न्यायचं असतं.

दिवाळीत आईबाबांना गावी न्यायचं म्हणून सीट परत बसवायला गेलो तर पडवीत ठेवलेल्या सीटचा फोम उंदरांनी कुरतडलेला. आईला खड्ड्यात बसल्यासारखं होऊन माणगावपर्यंत कंबर धरली, फार वाईट वाटलं. नवीन फोम भरून घेतला. आता सीट परत बसवली आहे, जूनमध्ये कलमांसाठी काय करायचं ते आरटीओत जाऊन विचारणार आहे, नाहीतर सरळ भाड्याचा टेम्पो.