दोघं, सामान आणि सागरी महामार्ग : टूरिंगसाठी मी सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स बाईक का घेतली

गाडी घेऊन सव्वा वर्ष झालं, साडेनऊ हजार किलोमीटर झाले, एक अख्खा पावसाळा काढला, आता लिहायला हरकत नाही. मी रत्नागिरीचा, उंची पाच फूट आठ, वजन ७८, मागे बहुतेक वेळा बायको आणि दोन दिवसांच्या वर जायचं असलं की दोन्ही बाजूला बॅगा. मला टूरिंगची म्हणजे लांबच्या प्रवासाची गाडी हवी होती, बसायला आरामाची पण वळणावर मजा देणारी, नुसता आरामच हवा असता तर घरात कार आहे.

आधीची गाडी दीडशे सीसीची, हँडल खाली, दिसायला एकदम भारी. कुठली ते सांगत नाही. तिच्यावर आम्ही एकदा मालवण केलं, जाताना उत्साहात कळलं नाही पण येताना देवगड मागे पडलं आणि उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायला लागलं. आडिवऱ्याला गाडी लावून हात झटकत उभा राहिलो तर ही म्हणाली "अहो, माझे गुडघे सरळच होत नाहीयेत". तिथंच ठरलं की पुढची गाडी दोघांनी बसून बघायची आणि मगच पैसे भरायचे.

बोटं बधिर का होतात ते नंतर कळलं. हँडल खाली असलं की छातीचा सगळा भार तळहातावर येतो, तिथून करंगळीकडे जाणारी नस दबते आणि वरून हँडलचं व्हायब्रेशन. म्हणजे प्रश्न सीटच्या फोमचा नसतो, सीट, हँडल आणि फुटरेस्ट या तिघांत अंतर कसं आहे त्याचा असतो. लोक शोरूममधे सीट दाबून बघतात आणि म्हणतात मऊ आहे, पण मऊ सीट पन्नास किलोमीटरनंतर बसते आणि खालचा पत्रा लागायला लागतो, थोडी कडक आणि रुंद सीट दिवसभर साथ देते.

आता आपले रस्ते बघा. पावस, पूर्णगड, आडिवरे, जैतापूर करत सागरी महामार्गाने देवगड, कुणकेश्वर, आचरा, मालवण असं गेलात तर दर थोड्या वेळाने खाडी. सड्यावरनं (खडकाळ पठारावरनं) खाली उतरा, पूल ओलांडा, परत चढा, परत सडा. प्रत्येक वाडीत गतिरोधक, वळणावर चिऱ्याच्या ट्रकमधनं सांडलेली तांबडी माती. १२० चा स्पीड लागतोच कुठं? लागतो तो दुसऱ्या तिसऱ्या गियरचा जोर, लांब सस्पेंशन आणि हलकं वजन. इथल्या माणसाने स्पोर्टी या शब्दाचा अर्थ टॉप स्पीड असा घेतला की गाडी चुकलीच समजा, वळणात कलंडताना गाडी अंगाबरोबर येते की ओढावी लागते ते बघा.

मी चार गाड्या नीट बघितल्या. बजाजची डॉमिनार ४००, ३७३ सीसी, ताकद ४० पीएस, दमदार आणि सरळ हायवेला राजा, पण वजन १९३ किलो. रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५०, ४५२ सीसी, टाकी १७ लिटरची, सस्पेंशन उत्तम, पुढचं चाक २१ इंची, वजन १९६ किलो. सुझुकीचीच जिक्सर एसएफ २५०, चपळ, १६१ किलो, पण हँडल पुन्हा खालीच आणि माझा हात आठवला. चौथी व्ही-स्ट्रॉम एसएक्स, इंजिन जिक्सरचंच २४९ सीसी ऑइल कूल्ड, २६.५ पीएस, सहा गियर, वजन १६७ किलो पण बसणं ताठ, हँडल रुंद आणि उंच, पुढे विंडस्क्रीन आणि हातांवर कव्हर. म्हणजे इंजिन स्पोर्टबाईकचं आणि बैठक टूरिंगची. हेच शोधत होतो.

वीस-तीस किलोने काय फरक पडतो असं विचारणाऱ्याने एकदा जयगडहून तवसाळची फेरीबोट पकडावी. भरतीला बोटीचा लोखंडी रॅम्प ओला, त्यावर वाळू आणि गाड्यांचं सांडलेलं ऑइल, पुढे कार हळूच सरकतेय आणि मागचा हॉर्न मारतोय. बोटीत शिरल्यावर माणूस दोन कारच्या मधली फटीएवढी जागा दाखवतो, तिथं गाडी हाताने मागे पुढे करून लावायची, बोट हलत असते. बायको आधीच उतरून चालत पुढे गेलेली असते, सॅडल बॅगा भरलेल्या, पाय सटकला तर तोल एकट्याने सांभाळायचा. मी पहिला गियर टाकून साइड स्टँडवर लावतो आणि पलीकडे पोचेपर्यंत हँडल धरून उभा राहतो. तिथं १६७ किलो हातात राहते, १९६ किलो राहिली असती का याची मला खात्री नाही. गुहागर, हेदवी, वेळणेश्वर आणि पुढे धोपाव्याहून दाभोळची बोट असा फेरा आमचा वर्षातून दोनदा तरी होतो त्यामुळे हा मुद्दा माझ्यासाठी छोटा नाही.

उंचीचं मात्र आधीच सांगतो, सीट ८३५ मिलिमीटरवर आहे. माझे दोन्ही चवडे टेकतात, पूर्ण पाऊल एकच टेकतं. माझा मेहुणा पाच फूट चार, त्याला सिग्नलला एका बाजूला सरकून उभं राहावं लागलं. याच कारणाने ग्राउंड क्लिअरन्स २०५ मिलिमीटर मिळतो आणि हायवेच्या कामातल्या खड्ड्यांना तो लागतोच, पण तुमचा पाय टेकत नसेल तर उगाच हट्ट करू नका.

घाटाबद्दल. या इंजिनाचा जास्तीत जास्त टॉर्क (ओढण्याचा जोर), २२.२ न्यूटन मीटर, ७३०० आरपीएमला म्हणजे इंजिन मिनिटाला तेवढे फेरे मारत असताना येतो. म्हणजे आंबा घाटात डबल सीट चढताना चौथ्यात रेटत बसायचं नाही, तिसरा टाकायचा आणि इंजिनाला बोलू द्यायचं, मग ते असं काही ओढतं की हसू येतं. कमी आरपीएमलाच ओढणाऱ्या बुलेटची सवय असलेल्यांना हे आधी विचित्र वाटेल. पुढचं चाक १९ इंची असल्यामुळे खड्ड्यात आपटत नाही आणि वळणात जडही वाटत नाही, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) दोन्ही चाकांना आहे, टायर ट्यूबलेस. ते एक बरं, आडरानात पंक्चर झालं तर किटने जागेवर काढता येतं.

बायको मागे बसणार असली की मागच्या सस्पेंशनची सेटिंग बदलायला विसरू नका. स्प्रिंग कडक करायचे सात टप्पे आहेत, एकटा असलो की तिसऱ्यावर, दोघं आणि बॅगा असल्या की पाचव्यावर ठेवतो. मागच्या टायरात हवा पण मॅन्युअलमधे डबल सीटसाठी दिलीय तेवढी. गेल्या डिसेंबरात रत्नागिरी ते मालवण एका दमात नाही पण दोन चहात गेलो, पोचल्यावर हिने बॅग काढली आणि म्हणाली चला आधी किनाऱ्यावर जाऊ. पाठ नाही, गुडघे नाही, काही नाही. मला एवढं एक वाक्य पुरेसं होतं.

टाकी १२ लिटरची. मला ३५ च्या आसपास ॲव्हरेज पडतं, म्हणजे हिशेब चारशेच्या वर जातो पण मी अडीचशेला भरून टाकतो कारण हायवे सोडून आत शिरलात की पंप लांब लांब.

आता खाऱ्या हवेचं. किनाऱ्यावर कुठलीही गाडी आणा, नटबोल्टला गंज धरणारच. बोटीतनं किंवा समुद्राकाठनं आलात की त्याच दिवशी गोड्या पाण्याने गाडी धुवा, सुकली की चेनला ल्यूब (वंगण) मारा. पावसात मी पाचशे किलोमीटरच्या आत मारतो. आणि वाळूत गाडी घालून फोटो काढायची हौस असेल तर सोडून द्या, वाळू चेनमधे बसली की कानस फिरवल्यासारखी दाते खाते.

चेनवरनं आठवलं. एका सर्व्हिसवाल्याने मला चेन एकदम टाईट करून दिली, म्हणाला आता आवाज येणार नाही. दोघं बसल्यावर सस्पेंशन दबतं आणि चेन आणखी ताणते, तिला थोडी ढील लागतेच नाहीतर बेअरिंग आणि स्प्रॉकेट जातं. निवळी घाटात घरघर ऐकू आली, थांबून बोटाने दाबली तर तारेसारखी. त्याच्याकडे परत गेलोच नाही, तेव्हापासून ढील मी स्वतः पट्टी लावून बघतो, दहा मिनिटांचं काम आहे.

टेस्ट राईडचा अनुभव पण लिहितो. एका शोरूमने (वेगळ्या गाडीच्या) सरळ रस्त्यावर जेमतेम दोन किलोमीटर दिले आणि बायकोला मागे बसवायला नाहीच म्हणाले. दीड दोन लाखाच्या पुढची वस्तू माणूस दोन किलोमीटरवर कशी घेणार सांगा. शेवटी मी एका मित्राची व्ही-स्ट्रॉम रविवारी पेट्रोल भरून मागितली, दोघं बसून निवळी घाट उतरलो, गणपतीपुळ्याला दर्शन घेतलं, आरे वारेच्या रस्त्याने परत. त्या उतारावर समोर समुद्र आला तेव्हा हिने खांद्यावर थाप मारली आणि म्हणाली ही घ्या. सोमवारी बुकिंग केलं.