सातव्या पिढीच्या लॅपटॉपवर विंडोज 7 (32 बिट): वर्षभर वापरल्यानंतर

रिफर्बिश्ड लॅपटॉपची चार्जिंगची पिन सैल झाली. वॉरंटी शिल्लक होती, म्हणून जिथून घेतला त्या पुण्याच्या दुकानात घेऊन गेले. काउंटरवरच्या पोराने बटण दाबलं, विंडोज 7 चा लोगो चमकला आणि त्याने लॅपटॉप मिटून परत माझ्याकडे सरकवला. "मॅडम, विंडोज बदललीय तुम्ही. वॉरंटी गेली." पिन सैल होण्याशी विंडोजचा काय संबंध, हे साधेपणाने विचारलं, चढ्या आवाजात विचारलं, बिल पुढे करून विचारलं. उत्तर तेच. मूळची विंडोज 10 वाली एसएसडी (साठवणीची डिस्क) मी सुरुवातीलाच काढून कपाटात ठेवली होती. पुढच्या खेपेला ती बसवून नेला, तर त्याच पोराने हूं की चूं न करता ठेवून घेतला आणि संध्याकाळी दुरुस्त करून दिला. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून बरं, नाहीतर साताऱ्याहून दोनदा जाण्यायेण्यातच पिनेच्या दुरुस्तीइतके पैसे गेले असते.

तेव्हा जुनी सिस्टीम टाकायचीच असेल तर वेगळ्या एसएसडीवर टाका. मूळ डिस्कला हात लावू नका.

हे उपद्व्याप कशाला, तर माझं डीटीपीचं काम आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल. अहवाल दरवर्षी तोच असतो, आकडे बदलतात आणि कधीमधी संचालक मंडळ. पेजमेकर या पानं जुळवायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या या फायली वीसेक वर्षांपासूनच्या आहेत आणि मजकूर युनिकोडमध्ये नाही, जुन्या फॉन्टमध्ये आहे. त्यात मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात, त्यामुळे दुसरीकडे उघडलं की पानभर कचरा दिसतो. कन्व्हर्टर आहेत, पण ऱ्हस्व वेलांटी आणि रफार यांच्यावर डोळे मिटून भरवसा ठेवता येत नाही. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी बसते आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये बरोबर उलटं. पतसंस्थेच्या अहवालात 'कर्ज' हा शब्द किती वेळा येतो ते तुम्हीच बघा, आणि मग प्रत्येक रफार तपासत बसा.

टायपिंगचं सॉफ्टवेअर यूएसबी लॉकवर चालतं, म्हणजे पेनड्राइव्हसारखी एक किल्ली लावल्याशिवाय चालतच नाही. माझ्याकडच्या आवृत्तीच्या लॉकचा ड्रायव्हर (विंडोजला ते ओळखू देणारं छोटं सॉफ्टवेअर) 32 बिट विंडोज 7 पर्यंत नीट चालतो, विंडोज 10 वर लॉक लावलं की निळा पडदा येतो. नव्या आवृत्तीची किंमत फोनवर विचारली आणि बरं म्हणून फोन ठेवला. तेवढ्या पैशांत हा लॅपटॉप आला.

आय5-7200यू, 8 जीबी रॅम, साधी साटा एसएसडी. विंडोज 7 आली 2009 मध्ये, हा इंटेलच्या सातव्या पिढीचा प्रोसेसर 2016 चा. मधल्या काळात, म्हणजे 2015 च्या सहाव्या पिढीपासून, इंटेलने चिपसेटमधला यूएसबी 2 चा जुना कंट्रोलर काढून टाकला. विंडोज 7 च्या सेटअपला यूएसबी 3 ठाऊकच नाही. त्यामुळे सेटअप पेनड्राइव्हवरूनच सुरू होतो आणि थोडं पुढे गेल्यावर त्याच पेनड्राइव्हला ओळख दाखवत नाही, सीडी-डीव्हीडीचा ड्रायव्हर मागत बसतो. इंटेलचा यूएसबी 3 ड्रायव्हर सेटअपच्या फायलींमध्ये आधीच घालून ठेवावा लागतो. बायॉसमध्ये (मशीन चालू होताना उघडणारी सेटिंग्ज) सिक्युअर बूट बंद आणि लेगसी, म्हणजे मशीन सुरू करायची जुनी पद्धत, चालू, कारण 32 बिट विंडोज 7 यूईएफआय या नव्या पद्धतीवर चढत नाही. एनव्हीएमई, म्हणजे नव्या वेगवान प्रकारची डिस्क असेल तर मायक्रोसॉफ्टचा एक हॉटफिक्सही (दुरुस्तीची फाइल) घालावा लागतो. माझी साटा असल्याने ते वाचलं. हे सगळं भाच्याने केलं. मी चहा करून दिला.

विंडोज चढली, पेजमेकर उघडलं, लॉक ओळखलं. वेग विचारू नका. शंभर पानांचा अहवाल क्षणात उघडतो. पहिला दिवस फार आनंदात गेला.

संध्याकाळी दिवे लावले आणि लक्षात आलं की स्क्रीनचा उजेड कमी होत नाही. बटणं आहेत, त्यांवर सूर्याची चित्रं आहेत, दाबली की काहीच होत नाही. कंट्रोल पॅनेलमध्ये ब्राइटनेसची पट्टीच नाही. कारण असं की या ग्राफिक्सला, एचडी 620 ला, इंटेलचा विंडोज 7 साठीचा ड्रायव्हर नाही. त्यामुळे विंडोज आपला साधा व्हीजीए ड्रायव्हर वापरते. त्याला चित्र दाखवता येतं, दिवा मंद करता येत नाही. आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर नसला की स्लीपही मिळत नाही. मेनूत तो शब्द करडा पडलेला दिसतो. म्हणजे झाकण मिटून पुन्हा उघडायची सोय गेली, बॅटरी पूर्ण उजेडात जळायला लागली. लॅपटॉप चालतो, पण त्यातलं लॅपटॉपपण जातं. उरतो तो बिजागरीचा डेस्कटॉप.

पांढऱ्या पानावर काळी अक्षरं, दिवसभर, पूर्ण उजेडात. ऐन लग्नसराईत डोळ्यांतून पाणी यायचं. घरच्यांना वाटायचं, पत्रिका जुळवताना मी भावुक होते. भाच्याने बायॉसमध्ये स्क्रीनच्या उजेडाची एक पट्टी शोधून काढली. चालायची ती, पण उजेड बदलायचा तर मशीन बंद करा, एफ2 दाबा, पट्टी सरकवा, परत चालू करा. दुपारी एक उजेड, रात्री एक. कित्येक आठवडे मी हेच करत होते आणि या काळात कोणी विचारलं असतं तर चक्क नको म्हणून सांगितलं असतं. वेग गेला खड्ड्यात, डोळे सांभाळा.

मत बदललं ते इथे. सहाव्या पिढीच्या एचडी 520 ला विंडोज 7 चा ड्रायव्हर आहे आणि आतून ते ग्राफिक्स 620 चंच थोरलं भावंड आहे. ड्रायव्हरसोबत आयएनएफ नावाची साधी मजकुराची फाइल असते, तिच्यात कोणत्या चिपला हा ड्रायव्हर चालेल याची यादी असते. त्या यादीत 620 चा क्रमांक नोटपॅडमध्ये टाकायचा, सेव्ह करायचं, इन्स्टॉल करायचं. फाइल बदलल्याने ड्रायव्हरवरची कंपनीची डिजिटल सही मोडते, पण 32 बिट विंडोज 7 फक्त लाल इशारा दाखवते आणि 'तरीही टाका' म्हणू देते. (64 बिट वाले इथे अडतात, त्यांना सही तपासणं बंद करायचे वेगळे खटाटोप आहेत.) मशीन परत चालू झालं आणि सूर्याचं बटण दाबल्यावर स्क्रीन मंद झाली. मी ते बटण उगाचच दाबत राहिले. भाच्याला पाचशे रुपये दिले. माझा स्वभाव माहीत असलेल्यांना याचा अर्थ कळेल.

स्लीपही आलं. तेवढं एक की झोपेतून उठल्यावर यूएसबी लॉक सापडत नाही, काढून परत लावावं लागतं. सांभाळून घेते.

रॅमचं मात्र मनाला लागलं. 32 बिट विंडोजला 4 जीबीच्या पुढचं दिसतच नाही, आणि त्यातूनही काही भाग ग्राफिक्स वगैरेंना जातो. माझ्याकडे 8 पैकी वापरण्याजोगी 3.4 जीबी दाखवते. पैसे आठचे दिलेले. मी 4 जीबीची एक पट्टी काढून मुलीच्या लॅपटॉपला लावली. तिचं काम सुधारलं, माझं तसूभरही बिघडलं नाही. पेजमेकर 7 हे 2001 चं सॉफ्टवेअर आहे, त्याला 3 जीबी म्हणजे चंगळ.

इंटरनेट? अजिबात नाही. वायफाय बायॉसमधूनच बंद केलंय. विंडोज 7 चा सपोर्ट 14 जानेवारी 2020 ला संपला, क्रोमची शेवटची आवृत्ती 109. बँक, जीएसटी, मेल सगळं घरच्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर. खरी कटकट मजकुराच्या येण्याजाण्याची आहे. गिऱ्हाईक व्हॉट्सअ‍ॅपवर युनिकोडमध्ये पाठवतं, ते दुसऱ्या मशीनवर उतरवायचं, जुन्या फॉन्टमध्ये बदलायचं, पेनड्राइव्हने इकडे आणायचं. काम झालं की पीडीएफ करून पेनड्राइव्हने तिकडे, तिथून प्लेटवाल्याला. गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह या मशीनला कधीच लावत नाही, तो आधी पलीकडे तपासला जातो. शॉर्टकट व्हायरसने एकेका प्रेसची काय दशा केलीय ते पाहिलंय.

विंडोज 10 मध्येच व्हर्च्युअल मशीन (खिडकीत चालणारी दुसरी विंडोज) का नाही, असं हमखास कोणीतरी विचारेल. तेही करून पाहिलं. लॉक आत जायचं, पण मध्येच सुटायचं, आणि सुटलं की फाइल सेव्ह होत नाही. तुमच्या कामात लॉक नसेल तर खुशाल तोच मार्ग धरा, इतकी यातायात नको.

घ्यायचाच असेल तर दुकानात उभं राहून बायॉस उघडून बघा: लेगसी किंवा सीएसएम (त्याच जुन्या पद्धतीची सोय) असा पर्याय दिसला पाहिजे. नवनव्या लॅपटॉपमधून तो गेलाच आहे, आणि तो नसेल तर 32 बिट विंडोज 7 साठी पुढचं सगळं व्यर्थ. सहावी पिढी मिळाली तर सातवीच्या मागे लागू नका, ग्राफिक्सचा ड्रायव्हर आयता मिळतो. मी आता सहाव्या पिढीचा एक सुटा नग बघून ठेवलाय, याचं काही झालं तर असावा म्हणून. विकणारा चौदा हजार म्हणतोय, रॅमच्या दोन पट्ट्यांपैकी एक काढून घे आणि बाराला दे म्हटलंय. विचार करतो म्हणालाय.