पोकलेनसाठीचा स्कॅनर: कोड बरोबर, सल्ला चुकीचा

हातात धरून वापरायचा, डिझेल मशीनचे फॉल्ट कोड वाचणारा मल्टिब्रँड स्कॅनर. मी मेकॅनिक आहे, रोजचं काम पोकलेनचं, अधूनमधून लोडर. ब्रँडचं नाव लिहीत नाही, कारण याच साच्यातले स्कॅनर वेगवेगळ्या नावांनी विकले जातात आणि खाली लिहिलेलं त्यातल्या बहुतेकांना लागू पडावं. आधीच सांगतो: इंजिनाचे कोड वाचायला उत्तम, लाइव्ह डेटा चांगला, हायड्रॉलिकच्या बाजूने अर्धा आंधळा. आणि कोडखाली जो 'दुरुस्ती सल्ला' येतो, त्याच्या भरवशावर पार्ट मागवलात तर तो मालक तुम्हाला पुन्हा बोलावणार नाही.

जे१९३९ वर (मशीनमधले कंट्रोलर एकमेकांशी ज्या ठरलेल्या भाषेत बोलतात ती) चालणाऱ्या मशीनच्या कोडमध्ये दोन आकडे महत्त्वाचे. एसपीएन सांगतो दुखणं कशाशी संबंधित आहे: १०० म्हणजे इंजिन ऑइलचं प्रेशर, ११० कूलंटचं तापमान, १५७ कॉमन रेलचं, म्हणजे इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीतलं प्रेशर. एफएमआय सांगतो दुखणं कुठल्या प्रकारचं आहे. माझ्या मते कामाचा आकडा हा दुसराच. १०० सोबत १ आला तर सेन्सर ठीक बोलतोय आणि प्रेशर खरंच पडलंय. इंजिन बंद, डिपस्टिक बघा, मग मेकॅनिकल गेज लावा. १०० सोबत ४ आला तर सिग्नलचं व्होल्टेज नको तितकं खाली गेलंय, म्हणजे बहुधा वायर, कपलर (वायर जोडायचा प्लग) किंवा सेन्सर. ३ म्हणजे व्होल्टेज वर, ५ म्हणजे करंट कमी किंवा सर्किट कुठेतरी तुटलेलं. या स्कॅनरने नेमका हा आकडा ओळीच्या शेवटी बारीक अक्षरात टाकलाय आणि 'इंजिन ऑइल प्रेशर' हे शब्द मात्र लाल, ठळक. ऑपरेटर शेजारून डोकावतो आणि त्याचा चेहरा पडतो.

सल्ल्याचं म्हणाल तर एक उदाहरण पुरे. एका मशीनवर रेल प्रेशर, बूस्ट (टर्बोच्या हवेचं प्रेशर) आणि ऑइल प्रेशर, तिन्हींचे कोड एकाच वेळी आले, तिन्हींना एफएमआय ४. स्कॅनरचा सल्ला: पहिला सेन्सर बदला, दुसरा सेन्सर बदला, तिसरा सेन्सर बदला. तीन चांगले सेन्सर एकाच क्षणी मरत नाहीत हो. असे सेन्सर तीन वायरींचे असतात: ५ व्होल्ट, सिग्नल आणि ग्राउंड. सिग्नल साधारण ०.५ ते ४.५ व्होल्टच्या मध्ये फिरतो, त्याबाहेर गेला की ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) कोड टाकतो. आणि ५ व्होल्टची लाइन बऱ्याचदा दोन-तीन सेन्सरमध्ये वाटलेली असते. एकाने ती खाली ओढली की सगळेच बोंबलतात. मीटर लावला तर ५ च्या जागी दीड व्होल्टसुद्धा नव्हतं. मग एकेक कपलर काढत गेलो. बूस्ट सेन्सरचा काढला आणि लाइन परत ५ वर आली. सेन्सर हातात घेतला तर पिनांच्या मुळाशी तेल आणि हिरवट थर. बाकीचे दोन सेन्सर आजही त्याच मशीनवर आहेत.

कुठला कपलर काढल्यावर कोड जातात हे बघायच्या या कामात स्कॅनर मदतीला आला असता, पण इथे त्याची एक गोम आहे. ॲक्टिव्ह कोड असला की ईसीएम तो दर सेकंदाला बसवर (सगळ्या कंट्रोलरना जोडणाऱ्या दोन वायरींवर) सांगत असतो. स्कॅनरचं कोडचं पान मात्र आपोआप बदलत नाही; मागे जायचं, पुन्हा आत यायचं. एकट्याने काम करणाऱ्याने इंजिन आणि केबिन यांच्यात किती उड्या मारायच्या? म्हणून मी ते पान सोडून लाइव्ह डेटाच उघडा ठेवतो. तो झटपट हलतो, त्यात ग्राफ आहे आणि रेकॉर्डही होतो. हार्नेस (वायरींचा जुडगा) हाताने हलवत जायचं आणि नंतर ग्राफवर खड्डा कुठे पडला ते बघायचं. अधूनमधून येणाऱ्या फॉल्टसाठी एवढ्या एका सोयीवर मी हा स्कॅनर ठेवून घेतलाय. बूमच्या मुळाशी जिथे वायरिंग वाकतं आणि केबिनखाली जिथे ते पत्र्याला घासतं, त्या दोन जागांपासून सुरुवात करा.

हायड्रॉलिकचं मात्र मशीनवर अवलंबून. काहींवर पंप कंट्रोलर दिसतो, पंपाचं प्रेशर आणि प्रपोर्शनल व्हॉल्व्हचा (करंटच्या प्रमाणात उघडणाऱ्या व्हॉल्व्हचा) करंट दोन्ही वाचता येतात. काहींवर तो यादीतच येत नाही. कंपन्यांची स्वतःची सॉफ्टवेअर आहेत, कॅटरपिलरचं कॅट ईटी, हिताचीचं डॉक्टर झेडएक्स. त्यांची जागा हा घेऊ शकत नाही आणि घ्यावी अशी अपेक्षाही नाही. अशा वेळी मशीनच्या मॉनिटरमधला सर्व्हिस मेनू आणि मीटर. एक सांगून ठेवतो: प्रपोर्शनल व्हॉल्व्हची कॉइल गार असताना मोजून 'ओके' म्हणू नका. तांब्याचा रेझिस्टन्स १० अंशांमागे साधारण ४ टक्के वाढतो, तेवढं चालतं. पण आतली तार तुटायला आलेली असेल तर ती तेल तापल्यावरच सुटते, आणि 'सकाळी बरी चालते, दुपारी बूम ढिला पडतो' या तक्रारीमागे ती असू शकते.

'कम्युनिकेशन फेल' आलं तर स्कॅनर पुढे एक अक्षर सांगत नाही. तेव्हा बॅटरी कट-ऑफ बंद करा आणि नऊ पिनांच्या सॉकेटमध्ये सी आणि डी या पिनांमध्ये रेझिस्टन्स मोजा. ६० ओहमच्या आसपास आला तर बसच्या दोन्ही टोकांचे १२० ओहमचे रेझिस्टर जागेवर आहेत. १२० आला तर त्यातला एक गायब किंवा वायर तुटलेली. शून्याजवळ आला तर दोन्ही वायरी कुठेतरी एकमेकींना चिकटल्यात.

आता खरा राग. सेल्फ मारताना व्होल्टेज पडलं की हे यंत्र रीस्टार्ट होतं. मशीन सुरूच होत नसेल तेव्हा सेल्फ फिरत असतानाचं रेल प्रेशर बघायचं असतं, आणि नेमक्या त्याच वेळी स्क्रीनवर कंपनीचा लोगो. जम्परने दुसरी बॅटरी जोडून वेळ निभावते, पण हे काही उत्तर नव्हे. दुसरं, 'क्लिअर' चं बटण मोठं आहे, पहिल्याच पानावर आहे, आणि दाबल्यावर 'नक्की का?' असंही विचारत नाही. कोड उडवला की त्याच्यासोबत साठवलेली त्या क्षणाची नोंदही जाते. मी आधी फोनवर फोटो काढतो, मगच हात लावतो. आणि ऑपरेटरच्या हातात स्कॅनर देत नाही.

उन्हात स्क्रीन दिसते, तेलकट ग्लोव्हजने टच चालत नाही. बॉडी दणकट आहे.

घेणार असाल तर केबलचं आधी विचारा. सोबत काळ्या प्लगची केबल येते. नव्या मशीनवर हिरवं सॉकेट असतं, त्यात काळा प्लग बसत नाही. हिरवा प्लग मात्र दोन्हीत बसतो. हिरवी केबल वेगळी मागवावी लागते, ती स्कॅनरसोबतच मागवा. आणि प्लगची फिरवायची कडी शेवटपर्यंत फिरली का ते बघा, नाहीतर इंजिनाच्या थरथरीने ती सुटते आणि तुम्ही बसमधला फॉल्ट शोधत बसता.