सर्व्हेत प्रश्न खुला ठेवावा की पर्याय द्यावेत?

पणजीत मतदारांचा सर्व्हे करायला निघालेल्या एका विद्यार्थिनीला प्रश्न पडलाय: "गोव्यापुढची सर्वांत मोठी समस्या कोणती?" असं मोकळं विचारावं, की खाणी, कॅसिनो, म्हादई नदीचं पाणी, नोकऱ्या असे पर्याय द्यावेत?

मेहनतीत पर्याय सरस. खूण करा, बेरीज करा. खुल्या उत्तरात कुणी म्हणेल, "शेतात बिल्डर घुसले." हे शेतीत धरायचं की जमीन रूपांतरात? दोघा जणांनी वेगवेगळं बसून प्रत्येक उत्तराचा गट ठरवावा लागतो.

पण खरेपणा? २००८ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीनंतर प्यू या तिथल्या सर्वेक्षण संस्थेने मतदानाचा मुख्य मुद्दा दोन्ही पद्धतींनी विचारला. पर्यायांत अर्थव्यवस्था दिली तेव्हा ५८ टक्क्यांनी ती निवडली; पर्याय न देता फक्त ३५ टक्क्यांनी. आपल्या गोव्याच्या १९६७ च्या जनमत कौलातही फूल ही खूण म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानं म्हणजे केंद्रशासित प्रदेश. वेगळं राज्य हवं असणाऱ्याला खूणच नव्हती!

लोकांच्या मनात काय आहे याचा अंदाज नसेल, तर मोजक्या लोकांना खुला प्रश्नच विचारावा. शेकडो जणांची मतं मोजायची असतील किंवा दरवर्षीची तुलना हवी असेल, तर पर्याय द्यावेत. मात्र ते लोकांच्याच शब्दांतले असावेत, प्रत्येकाला क्रम बदलून वाचून दाखवावेत आणि "इतर" ची ओळ असावीच.