वारशाचा दागिना: जसाच्या तसा ठेवावा, की आटवून नवा घडवावा?

पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला दागिना आपल्या वाट्याला आला, की काही दिवसांनी त्याचे करायचे काय, हा प्रश्न उभा राहतो. घाट जुना असतो, फासा सैल झालेला असतो, अंगावर घालावा तर जड वाटतो. आणि तरीही तो मोडायचा म्हटले की हात अडखळतो. पर्याय मुख्यतः दोन आहेत: डागडुजी करून आहे त्या रूपात ठेवणे, किंवा आटवून नव्या घाटात घडवून घेणे. पैशांची निकड असेल तर विकण्याचा मार्ग असतोच आणि त्यात कमीपणा काही नाही. पण त्याचा हिशेब निराळा असल्याने तो येथे बाजूला ठेवला आहे.

आटवण्याच्या बाजूने हमखास केला जाणारा युक्तिवाद म्हणजे ‘रूप बदलले तरी सोने तेच राहते’. सोने गंजत नाही आणि १,०६४ अंश सेल्सिअसला वितळवून ते पुन्हा पुन्हा घडवता येते, इथवर हे खरे आहे. मात्र जुना दागिना वजनावर जमा करून घ्यायचा आणि नवा दुसऱ्याच सोन्यातून द्यायचा, अशीही व्यवहाराची रीत असते. तसे झाले तर हाती राहते ती फक्त किंमत, आपले सोने नव्हे. ज्याला तेच सोने हवे आहे त्याने दागिना स्वतंत्र मुशीत, शक्य असल्यास आपल्यासमोर, आटवण्याची अट आधीच घालावी. दुसरी गोष्ट कसाची. २२ कॅरेट म्हणजे सुमारे ९१.६ टक्के आणि १८ कॅरेट म्हणजे ७५ टक्के सोने. परंतु झाळण्यासाठी, म्हणजे सांधे वितळवून जोडण्यासाठी, वापरलेल्या धातूत सोन्याचे प्रमाण बहुधा कमी असते, त्यामुळे अनेकदा झाळलेला दागिना आटवल्यावर लगडीचा कस मूळ सोन्यापेक्षा उतरलेला निघू शकतो. पोकळ मण्यांत भरलेली लाख किंवा राळही वजनात धरली जाते, सोन्यात नव्हे. त्यात आटवताना होणारी घट आणि नवी घडणावळ मिळवली, म्हणजे फुकटात नवा दागिना मिळाल्याचा आनंद बराचसा ओसरतो.

खड्यांच्या बाबतीत सावधगिरी अधिकच हवी, कारण सोने पुन्हा घडवता येते, पण खड्याचा उडालेला टवका परत बसवता येत नाही. पाचूमध्ये नैसर्गिक भेगा असतात आणि त्या झाकण्यासाठी बहुधा तेल मुरवलेले असते. उष्णता किंवा अल्ट्रासोनिक यंत्रातली सफाई त्याला मानवत नाही. मोती तर आम्लानेही खराब होतो. जुन्या बंद कोंदणात खड्याखाली चकाकता वर्ख बसवलेला असेल, तर आत पाणी शिरताच तो काळा पडतो आणि खडा निस्तेज दिसू लागतो. जुन्या हिऱ्याला नवे पैलू पाडून घेण्याचा मोहही महागात पडू शकतो. १८५२ मध्ये कोहिनूरला लंडनमध्ये नव्याने पैलू पाडले, तेव्हा आजच्या मापाने सुमारे १९१ कॅरेटचा तो हिरा १०५.६ कॅरेटवर आला (खड्यांच्या बाबतीत कॅरेट हे वजनाचे माप आहे, शुद्धतेचे नव्हे). एवढे वजन पणाला लावण्याची ऐपत राजघराण्याला असते, आपल्याला नसते. उलट, दागिना जुना आहे एवढ्यावरून खडा अस्सल ठरत नाही, हेही ध्यानात ठेवावे. ऑग्युस्त व्हेर्नॉई या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने कृत्रिम माणिक बनवण्याची पद्धत १९०२ मध्येच जाहीर केली होती, त्यामुळे शंभर वर्षांच्या अंगठीतही बनवलेले माणिक सापडू शकते. म्हणून कोणताही निर्णय घेण्याआधी खडे प्रयोगशाळेत तपासून घेतलेले बरे.

आता जसाच्या तसा ठेवण्याची बाजू. माझ्या आजीची एक अंगठी माझ्याकडे आहे. तिचे कडे तळहाताच्या बाजूला झिजून पार कागदासारखे झाले होते आणि आतल्या बाजूला कोरलेल्या दोन अक्षरांपैकी एक जवळजवळ पुसले गेले होते. पहिल्या कारागिराने ‘आटवा, यात काही राहिलेले नाही’ असा सल्ला दिला. दुसऱ्याने झिजलेला तेवढाच भाग कापून तिथे नवा तुकडा झाळला आणि अक्षरे असलेल्या भागाला आचही लागू दिली नाही. आटवली असती तर वजन काट्यावर दिसले असते, ते उरलेले अक्षर मात्र गेले असते. जपणुकीच्या बाजूने मला मिळालेला सर्वांत भक्कम पुरावा हाच.

अर्थात जपणुकीलाही देखभाल लागते. कोंदणाच्या नख्या झिजल्या आहेत का, फासा नीट बसतो का, हे अधूनमधून पाहावे लागते. मोत्यांची माळ नियमित वापरात असेल तर दोरा सैल पडताच ती नव्याने गाठवून घ्यावी आणि प्रत्येक दोन मोत्यांमध्ये गाठ मारून घ्यावी, म्हणजे माळ तुटली तरी मोती विखुरत नाहीत. एवढे करण्याची तयारी नसेल आणि दागिना वर्षानुवर्षे कुलपात पडून राहणार असेल, तर तो आटवून अंगावर वागवणेच अधिक प्रामाणिक, असे माझे मत आहे. घाट अगदी साधा, साच्यातला, कोरीव काम नाही आणि खडेही नाहीत, अशा दागिन्याबाबत तर मी फारसा विचारही करणार नाही.

या दोहोंच्या मधला मार्ग बऱ्याच जणांना सुचत नाही. हाराचे मधले पदक कडी लावून साखळीत घालता येते, जड कर्णभूषणाची लटकन सुटी करता येते, सैल अंगठीला आतून पट्टी बसवता येते. आणि पुढच्या पिढीला नको वाटले तर हे सारे मूळ रूपात आणता येते. एका दागिन्याचे तीन वारसदार असतील, तर समान वजनाचे तुकडे करण्यापेक्षा तो एकाने घेऊन इतरांना मोबदला देणे मला पटते, कारण तुकड्यांत घाट कुणालाच मिळत नाही.

यांपैकी काहीही ठरले, तरी दागिना कारागिराच्या हाती देण्यापूर्वी त्याचे वजन करावे, पुढून, मागून आणि शुद्धतेच्या शिक्क्याचे जवळून छायाचित्र घ्यावे आणि खड्यांची संख्या पावतीवर लिहून घ्यावी.