टेबल छान, गल्ला बेरकी

मी बावीस वर्षं पगारपत्रकं बनवतेय. दुसऱ्याचे पैसे शेवटच्या पैशापर्यंत जुळल्याशिवाय मला झोप लागत नाही. त्यामुळे भाच्याने ऑनलाइन पोकर शिकवायला घेतला तेव्हा मी आधी एक्सेलची शीट उघडली. "मावशी, पत्ते तरी बघ आधी," तो म्हणाला. पण पत्ते काय, दोन दिवसांत कळतात. पन्नास डॉलर टाकून ते दोन महिने टिकवता येतात का, हे मला बघायचं होतं. ज्या साइटवर बघितलं तिचं नाव देत नाही. भाच्याने आणखी दोन साइट दाखवल्या, मांडणी थोड्याफार फरकाने हीच. (आणि पैसे लावून खेळायला तुमच्याकडे कायद्याने बंदी असेल तर हा रिव्ह्यू नुसती करमणूक म्हणून वाचा.)

आधी चांगलं सांगते. सगळ्यात लहान टेबल १ सेंट / २ सेंटचं; पत्ते बघण्याआधी दोघांना सक्तीने लावाव्या लागणाऱ्या ह्या रकमा, त्यातली मोठी ती बिग ब्लाइंड. पूर्ण बाय-इन (टेबलावर बसताना न्यायची रक्कम) म्हणजे १०० बिग ब्लाइंड, म्हणजे २ डॉलर. पन्नास डॉलरमध्ये असे पंचवीस बाय-इन बसतात. नवशिक्याला एवढी ऊब हवीच, आणि ती का हवी हे मला आकड्यांतूनच पटलं. सहा जणांच्या टेबलावर दर शंभर डावांमागे निकाल ८० ते १०० बिग ब्लाइंड इकडेतिकडे हलणं नेहमीचं आहे. शंभर डावांमागे सरासरी ५ ब्लाइंड कमावणारा, म्हणजे आपल्यापेक्षा बराच शहाणा माणूसही हजार डावांनंतर दोन बाय-इन खाली असू शकतो. दहा हजार डावांनंतर तो तोट्यात असण्याची शक्यता चारात एकीहून थोडी जास्तच निघते. मग पाच बाय-इन घेऊन बसणाऱ्या नवशिक्याचं काय होणार?

टेबलं स्वच्छ दिसतात, पत्ते ठळक आहेत, पॉटचा, म्हणजे डावात जमलेल्या पैशांचा आकडा मोठा. आपली रक्कम डॉलरऐवजी बिग ब्लाइंडमध्ये दाखवायची सोय आहे. शिकवणारे सगळे ती चालू करा म्हणतात. मी बंद ठेवली. "३० ब्लाइंड" वाचून मला काही होत नाही, "६० सेंट" वाचलं की हात आखडतो. ज्याची त्याची प्रकृती.

आता गल्ला. ह्या साइटचा खरा हुशार माणूस टेबल बनवणाऱ्यांत नाही, गल्ला बनवणाऱ्यांत बसलाय.

लॉबी उघडली की २ सेंटचं टेबल दिसतच नाही. वर तीन जणांच्या लॉटरीछाप झटपट स्पर्धा, त्यांच्याखाली फोल्ड केल्याबरोबर (पत्ते टाकून दिल्याबरोबर) नवीन टेबलावर नेणारे भरधाव खेळ. साध्या टेबलावर तासाला सत्तर-ऐंशी डाव होतात, भरधाव खेळात दोनशेच्या वर. हरणाऱ्याचे पैसे तिथे तिप्पट वेगाने जातात, एवढाच त्याचा अर्थ. आपलं गरिबाचं टेबल बघायला फिल्टर उघडून "मायक्रो"वर टिचकी मारायची, आणि पुढच्या वेळी पुन्हा मारायची, कारण फिल्टर लक्षात राहत नाही. डिपॉझिटचं बटण मात्र प्रत्येक पडद्यावर त्याच जागी.

पण माझं खरं भांडण "ऑटो रीबाय"शी आहे. खात्यातून टेबलावर पैसे आपोआप भरणारी ही सोय सुरुवातीपासून चालूच असते. मला माहीत नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात माझे ५० चे ५६.४० झाले होते आणि मी जरा हवेत होते. हातात दोन एक्के आले. समोरच्याने वाढवलं, मी वाढवलं, ऑल-इन, म्हणजे समोरचे सगळे पैसे मध्ये. त्याने राजे उघडले. एक्के विरुद्ध राजे म्हणजे साधारण ८२ विरुद्ध १८, पाच वेळांत एकदा राजेवाला जिंकायचाच. रिव्हरवर, म्हणजे शेवटच्या उघड्या पत्त्यावर, चौकटचा राजा आला. मी कपाळाला हात लावून बसले, आणि हात काढेपर्यंत माझ्यासमोर पुन्हा दोन डॉलर मांडलेले. कुणी मांडले, कधी मांडले? उठून पाणी प्यायला जायचा तो क्षण असतो, तोच ह्या बटणाने खाऊन टाकला. पुढच्या वीस मिनिटांत आणखी दोन बाय-इन गेले. ५०.४०.

आणि मग मी ते केलं जे दुसऱ्या कुणी केलं असतं तर त्याला सुनावलं असतं. ५ सेंट / १० सेंटच्या टेबलावर दहा डॉलर घेऊन बसले. भांडवलाचा पाचवा हिस्सा! अकराव्या डावाला माझ्या दोन जोड्या, समोरच्याची स्ट्रेट (ओळीने पाच पत्ते), म्हणजे माझ्याहून वरचढ. ४०.४०. शीटमध्ये ती ओळ लाल रंगात आहे आणि शेऱ्याच्या रकान्यात "माझाच मूर्खपणा" असं लिहिलंय. ह्याचं खापर साइटवर फोडत नाही. मात्र मोठ्या टेबलावर बसताना एका शब्दाने विचारत नाहीत, हे खरं.

भाच्याने मला ख्रिस फर्ग्युसनचे नियम ह्या प्रकारानंतर सांगितले (आधी सांगायला काय झालं होतं?). २००० सालच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेचा हा विजेता. २००६ मध्ये त्याने फुल टिल्ट साइटवर शून्य डॉलरने सुरुवात केली, फुकट प्रवेशाच्या स्पर्धांतून, आणि दीड वर्षाच्या आसपास १०,००० केले. कॅश टेबलावर भांडवलाच्या ५ टक्क्यांहून जास्त न्यायचं नाही. मोठ्या स्पर्धेला २ टक्क्यांहून जास्त नाही. टेबलावरची रक्कम भांडवलाच्या १० टक्क्यांवर गेली की उठायचं. माझ्या पन्नासला हे लावलं तर २ डॉलरचं टेबल बसतं, १० डॉलरचं लांबूनच बघायचं, आणि समोर ५ डॉलर जमले की नमस्कार. एकदा ६.१० झाले तेव्हा खरंच उठले. लगेच त्याच टेबलावर दोन डॉलर घेऊन परतायला गेले तर साइट म्हणते, नेलेत तेवढेच घेऊन या. हा नियम बहुतेक ठिकाणी असतो आणि रास्तही आहे. दुसरं टेबल शोधायचं.

गंमत बघा, हाच फर्ग्युसन त्या कंपनीच्या संचालक मंडळावर होता. एप्रिल २०११ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने साइटचा वेबपत्ता जप्त केला, आणि पुढे त्यांनीच सांगितलं की खेळाडूंचे सुमारे ३९ कोटी डॉलर देणं होतं आणि बँकेत होते ६ कोटी. म्हणून मी अटींचं पान वाचलं. खेळाडूंचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवतो असं इथे लिहिलंय, ते चौदाव्या कलमात सापडलं. हे पहिल्या पानावर हवं होतं.

रेकबद्दल कुणी नवशिक्याला नीट सांगत नाही. पॉटचे ५ टक्के साइट कापते. एक डॉलरच्या पॉटला पाच सेंट, दिसतही नाहीत. दोन महिन्यांत माझे सहा हजार डाव झाले आणि माझ्या वाट्याचा रेक झाला १०.८०. म्हणजे मूळ भांडवलाचा पाचवा हिस्सा साइटच्या खिशात, हरो वा जिंको. बोनसची जाहिरात होती "१०० टक्के, पन्नासवर पन्नास". प्रत्यक्षात दर ५ डॉलर रेकमागे १ डॉलर सुटतो आणि मुदत ६० दिवस. मला मिळाले २ डॉलर, उरलेले ४८ मुदतीबरोबर गेले. ते ४८ मिळवायला केवढं खेळावं लागलं असतं ते मी मांडून पाहिलं आणि शीट मिटली. बोनससाठी जास्त टेबलं उघडू नका.

दोन महिन्यांची अखेर ४७.१५. लाल ओळ सोडली तर मी फायद्यात होते, पण लाल ओळ सोडून हिशेब करायची सोय आमच्या खात्यात नाही.

मग वीस काढायला टाकले. भरताना पंधरा सेकंद लागली होती. काढताना ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि "तीन कामकाजाचे दिवस". ते तीन दिवस गल्ल्यात हिरवं बटण चमकत होतं: "रक्कम परत खेळायला घ्या". चौथ्या दिवशी वीस पूर्ण आले, सेंटही कापला नाही, हे त्यांच्या बाजूने लिहिते. आणखी एक गोष्ट चांगली: डिपॉझिटची मर्यादा कमी केली की तत्काळ लागू होते, वाढवायची तर चोवीस तास थांबवतात. ती सेटिंग्जच्या चौथ्या पानावर पुरलीय. मी शोधून काढली आणि महिन्याला दहावर आणून ठेवली.

टेबलाला चार तारे, गल्ल्याला दीड. खात्यात आता २७.१५ आहेत, म्हणजे तेरा बाय-इन. भाचा म्हणतो, थोडे भर, वीस बाय-इनच्या खाली खेळू नये. मी ऑटो रीबाय बंद केलंय आणि किमान बाय-इनने, ८० सेंट घेऊन बसतेय.