फायबर होडीच्या तळाची भोकं इपॉक्सीने भरली: हंगामभराचा अनुभव

देवबागच्या बाजूला कर्ली खाडीत होडी चालवायची म्हणजे कालवांच्या खडकांशी गाठ ठरलेली. ओहोटीला तळ घासला की जेलकोटचे, म्हणजे फायबरवरच्या बाहेरच्या गुळगुळीत थराचे, हरभऱ्याएवढे टवके उडतात. १ जूनला मासेमारी बंद होण्याआधी होडी वर ओढली आणि या वेळी नेहमीच्या पॉलिस्टर रेझिनऐवजी इपॉक्सी रेझिन (हार्डनर कालवला की कडक होणारं) वापरलं, घट्ट करायला त्यात एरोसिल, म्हणजे सिलिकाची अगदी बारीक पावडर. नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यात घातली ती अजून चालू आहे. पाण्याखालचा एकही भराव सुटलेला नाही.

जुने डाग उकरले तेव्हा कळलं, आधीच्या मालकाने गाडीच्या पत्र्याला लावतात ती पुट्टी तळाला भरली होती. वरून रंग शाबूत, पण स्क्रू-ड्रायव्हर टोचला की आतून ओली पांढरी भुकटी बाहेर. या पुट्टीत टाल्क (शंखजिऱ्याची पूड) असते, ती पाणी धरते. कोणी कितीही स्वस्तात करून देत असला तरी पाण्याच्या रेषेखाली ती नकोच.

सगळ्यात जास्त वेळ वाळवण्यात जातो. गोड्या पाण्याने मीठ धुवायचं, भोकाच्या कडा घासून तिरक्या करायच्या, मग वर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून रात्रभर ठेवायचा. सकाळी आतल्या बाजूला थेंब दिसले तर ओल आहे, थांबायचं. ही घाई करणाऱ्यांचे भराव पुढे सुटतात.

रेझिन-हार्डनर डब्यावरच्या प्रमाणात, वजनकाट्यावरच घ्या. इपॉक्सीत हार्डनर जास्त घातला म्हणून ती लवकर वाळत नाही, उलट मऊच राहते. मेच्या उकाड्यात वाटीभर एकदम कालवलं तर हात लावता येणार नाही इतकं तापतं. दोन-तीन चमचेच करावं. आधी नुसत्या रेझिनचा हात, मग घट्ट मिश्रण. आरपार भोकाला मात्र एवढ्यावर भागत नाही, तिथे काचेच्या कापडाचे थर हवेतच.

तक्रारी आहेत. पॉलिस्टरपेक्षा महाग पडते, आणि उन्हात पिवळी पडते म्हणून वर रंग द्यावाच लागतो. त्याआधी वर आलेला तेलकट थर पाण्याने घासून काढायचा, नाहीतर रंग धरत नाही. होडीच्या काठावर मी जेलकोटच भरला; तो वाळेपर्यंत वर प्लास्टिकची फिल्म लागते, नाहीतर हवेने पृष्ठभाग चिकट राहतो. जुन्या, उन्हाने पिवळटलेल्या पांढऱ्याशी त्याचा रंग काही जुळला नाही.

पुढच्या मे महिन्यातही इपॉक्सीच आणणार, फक्त हार्डनर संथ, म्हणजे हळू कडक करणाऱ्या प्रकारचा.